पाच वेलींची कमान

लिटल हेनिंग गावात एव्हिस गॅरडला सगळे ‘कमानवाली’ म्हणत. त्यात निम्मं कौतुक असे आणि निम्मा टोमणा. एव्हिस दोन्ही ऐकून घेई आणि दोन्हीवर खूश असे.

स्वयंपाकघराच्या दारासमोर तिची लोखंडी कमान होती आणि त्या एका कमानीवर तिने क्लेमॅटिसच्या पाच जाती एकत्र चढवल्या होत्या. क्लेमॅटिस म्हणजे आपल्या रानातल्या मोरवेलीच्याच जातकुळीतली, पण इंग्लंडात तिचे लाड पोटच्या पोरीसारखे होतात. जाणकार सांगतात की एका कमानीवर एकाच स्वभावाच्या वेली लावाव्यात. एव्हिसने ते ऐकलं आणि नेमकं उलट केलं. नेली मोझर, मिस बेटमन आणि प्रेसिडेंट या तिघी मे-जूनमध्ये फुलणाऱ्या, त्याही गेल्या वर्षीच्या जुन्या काडीवर. त्यांना फेब्रुवारीत कात्री लावली की त्या उन्हाळ्याची फुलं बुडाली. जॅकमनी आणि पोलिश स्पिरिट या दोघी उशिरा, नव्या फुटीवर फुलणाऱ्या. त्यांना मात्र फेब्रुवारीत गुडघ्याइतकं छाटावंच लागतं, नाहीतर फुलं सगळी शेंड्याला आणि खाली नुसत्या काटक्या. आता या पाचजणी एकमेकींच्या गळ्यात गळे घालून चढलेल्या. फेब्रुवारीत सगळ्यांची काडी सारखीच तपकिरी, सुकल्यासारखी. कुठली कुणाची हे ब्रह्मदेवाला विचारलं तरी तो डोकं खाजवेल.

म्हणून हे काम दोघांनी करायचं असे. एकाने खाली स्टुलावर बसून बुंध्याशी एक काडी धरायची आणि हलकेच हलवायची. दुसऱ्याने शिडीवर उभं राहून वर काय हलतंय ते बघायचं. “हलली?” “हलली. हीच ती.” असं करत करत उशिरा फुलणाऱ्या दोघी वेगळ्या काढून छाटायच्या आणि लवकर फुलणाऱ्या तिघींना धक्का लावायचा नाही. शिडीवर नेहमी एव्हिस असे. खाली पहिली काही वर्षं तिचा नवरा लेन बसला. पुढे त्याचे गुडघे कुरकुरायला लागले आणि शेजारची थेल्मा पास्क बसायला लागली.

थेल्मा म्हणजे तोंडाची फटकळ, हाताची कुशल आणि एव्हिसची जिवाभावाची मैत्रीण. नवरा गेल्यावर तिने स्वतःची बाग उभी केली आणि चांगली केली. पण जूनमधल्या रविवारी गावातल्या बागा सगळ्यांसाठी उघडत, चर्चच्या छपराच्या दुरुस्तीसाठी केक विकले जात, तेव्हा माणसांची रांग लागे ती एव्हिसच्या कमानीपुढे. तिथून निघताना लोक कुंपणावरून थेल्माला हाक मारून म्हणत, “तुमचीही छान आहे हं बाग.” दर वर्षी तेच. थेल्मा हसून हात हलवी. एव्हिसला त्या हसण्यात कधी काही दिसलं नाही आणि तिने बघितलंही नाही. ज्याच्या दारात रांग असते त्याला शेजारच्या दाराकडे बघायला सवड नसते.

त्या वर्षी एव्हिसच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. जानेवारीच्या अखेरीस हॉस्पिटल आणि मग मार्च निम्मा होईपर्यंत नॉरिचला बहिणीकडे आराम. प्रश्न लेनचा होता. लेन हल्ली विसरायला लागला होता. किटली रिकामीच गॅसवर चढवायचा, चष्मा ब्रेडच्या डब्यात सापडायचा. एकदा तर पोस्टमनला त्याने दोनदा चहा पाजला आणि पोस्टमनने तो मुकाट प्यायला.

“तू काही काळजी करू नकोस,” थेल्मा म्हणाली. “मी आहे ना. सकाळी त्याला खायला घालीन, रात्री गॅस बघून जाईन. आणि तुझ्या त्या पाच सवतींनाही बघते.”

“सवती कुठल्या गं? बहिणी आहेत माझ्या.”

“बहिणी असत्या तर इतक्या शांत बसल्या नसत्या,” थेल्मा म्हणाली आणि दोघी खो खो हसल्या.

फेब्रुवारीच्या शेवटी नॉरिचला फोन आला. थेल्माचा आवाज अगदी मऊ होता. “एव्हिस, बसली आहेस ना तू? हे बघ, रागावायचं नाही. मी जरा बाजारात गेले होते तेवढ्यात लेनने कमान छाटली.”

“छाटली म्हणजे?”

“म्हणजे भादरलीच गं. ढीग पडलाय नुसता. त्याला काही बोलू नकोस, बिचाऱ्याला काय कळतंय आता.”

एव्हिस त्या रात्री रडली, दुखऱ्या खुब्यापायी रडली नव्हती इतकी रडली. फुलं तर गेलीच होती. त्यात त्या जूनमध्ये एका मोठ्या बागकाम मासिकाचा फोटोग्राफर खास तिच्या कमानीसाठी लंडनहून येणार होता. वर्षभर आधी ठरलं होतं. पण खरी धडकी वेगळीच होती. लेनने आयुष्यात कधी तिच्या वेलींना विचारल्याशिवाय हात लावला नव्हता. तो माणूस आता उरला नाही, असं तिला त्या रात्री वाटलं.

घरी आली तेव्हा ती काठी टेकत स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. बाहेर काड्यांचा ढीग होता. कमानीवर वरच्या बाजूला सुकलेला गुंता लोंबत होता. तिने पुढे जाऊन पाहिलं नाही. ओल्या गवतावर जायचं नाही आणि वाकायचं तर मुळीच नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. शिवाय मेलेल्या माणसाच्या तोंडावरची चादर काढून बघायची हौस कुणाला असते?

“हे तू केलंस, लेन?”

लेन तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. मग तो म्हणाला, “हो. चुकलं माझं.”

“चुकलं? वीस वर्षं बघतोयस तू मला हे करताना! वीस वर्षं! अरे, शेजारच्या मांजरालाही कळतं फेब्रुवारीत नेली मोझरला हात लावायचा नाही ते!”

“चुकलं म्हटलं ना, म्हातारे. ओरडू नकोस, टाके दुखतील.”

टाके दुखतील म्हणाला, याचाच तिला जास्त संताप आला. तिने छाटणीची कात्री, फावडं, सगळं शेडमध्ये टाकलं आणि कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. लेन बघत होता. नंतर आठवडाभर तो शेडच्या दारापर्यंत जाई, कुलूप हातात घेऊन बघे आणि परत येई. विचारी मात्र काही नाही.

थेल्मा रोज येई. सूप आणी, घरी भाजलेले गोड स्कोन आणी, आणि चहाच्या कपात साखर ढवळत ढवळत बोले. “आज वेली कापल्या. उद्या काय? गॅस उघडा ठेवून झोपला तर? तू काठीवर चालतेस, तू धावणार आहेस का त्याच्यामागे?”

“मी त्याला सोडणार नाही.”

“सोड कोण म्हणतंय? हॅलस्टनच्या वृद्धाश्रमात जागा झालीय. चांगली आहेत माणसं. दोन-तीन महिने ठेवून तर बघ.”

एव्हिसने पंधरा दिवस नाही नाही म्हटलं. मग एका सकाळी लेनने अंगात पायजमा आणि डोक्यावर हॅट घालून दुधाच्या बाटल्या कमानीखाली नेऊन रांगेत मांडल्या आणि ती हो म्हणाली. तसं पाहिलं तर बाटल्यांचं काही नुकसान झालं नव्हतं. पण तिच्या मनात निवाडा आधीच झाला होता आणि तो त्या ढिगावर झाला होता. जो माणूस तिच्या वेली कापू शकतो तो काहीही करू शकतो. आश्रमाच्या बाई म्हणाल्या, जुलैअखेरपर्यंत राहू द्या, मग कायमचं ठेवायचं की घरी न्यायचं ते सांगा. लेन मुकाट गेला. गाडीत बसताना त्याने तिला विचारलं, “तू एकटी राहशील ना नीट?” आणि तिने रागाच्या भरात, “मी राहीन रे, तू तुझं बघ,” असं म्हणून दार लावून घेतलं.

जूनमध्ये कमानीवर एक फूल आलं नाही. फोटोग्राफरला एव्हिसने स्वतः फोन करून सांगितलं, आमच्याकडे यंदा काही नाही, पण शेजारी थेल्मा पास्कची फुलांनी भरलेली भिंत बघा, उत्तम आहे. कारण थेल्मा म्हणाली होती, “एवढ्या लांबून माणूस येतोय, त्याला काय हात हलवत परत पाठवायचं?” खरंच होतं ते. तो आला, दिवसभर थेल्माच्या अंगणात राहिला, दुपारी तिथेच केक खाऊन गेला. त्या रविवारी रांगही पलीकडेच लागली. एव्हिसने पडदे ओढून घेतले होते. थेल्माने केकचा एक तुकडा झाकून आणून दिला आणि म्हणाली, “पुढच्या वर्षी परत तुझ्याचकडे येतील बघ.” एव्हिसचे डोळे भरून आले. अशी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं, असं ती मनापासून म्हणाली. हे सांगताना माझी लेखणी अडते, पण ती तसं म्हणाली खरं.

जुलैच्या मध्यावर डॉक्टरने तिला वाकायची परवानगी दिली. त्याच दुपारी ती कात्री आणि स्टूल घेऊन बाहेर पडली. वेली मुळासकट काढून टाकायच्या, कमान भंगारवाल्याला द्यायची आणि विषय संपवायचा, असं तिने ठरवलं होतं. आश्रमात उत्तर द्यायला थोडेच दिवस उरले होते आणि कमानही लेनबरोबरच हातावेगळी करावी, असं काहीसं तिच्या डोक्यात होतं.

कमानीपाशी येऊन तिने इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच वर बघितलं. अगदी शेंड्याला जॅकमनी फुलली होती. गर्द जांभळी, भरगच्च. तिच्या शेजारी पोलिश स्पिरिटही होती. दोघींची फुलं छपराएवढ्या उंचीवर आणि खाली नुसत्या उघड्या काटक्या. न छाटलेल्या जॅकमनीचं असंच होतं.  लेनने सगळं भादरलं होतं ना? मग या दोघी कशा सुटल्या?

ती स्टुलावर बसली. बुंध्याशी बोटं घातली. पाच वेलींचे पाच बुंधे तिथे वेणीसारखे एकात एक गेलेले. तिने एकेक काडी बोटाने वेगळी करत पाहिली. नेली मोझर गुडघ्याशी कापलेली. मिस बेटमन कापलेली. प्रेसिडेंट कापलेली. आणि त्यांच्याच पिळात गुंतलेल्या जॅकमनी आणि पोलिश स्पिरिट यांना ओरखडासुद्धा नाही.

तिने पुन्हा पाहिलं. प्रत्येक काप तिरका होता, कोंबाच्या सशक्त डोळ्यांच्या जोडीच्या बरोबर वर. कुठे सोलपटलेलं नाही की ठेचलेलं नाही. अडाण्याने कात्री चालवली असती तर पाचही गेल्या असत्या. जाणकाराने चुकून छाटलं असतं तर त्या दोघी गेल्या असत्या, या तिघी नाही. जूनमध्ये फुलणाऱ्या तेवढ्याच, गुंत्यातून निवडून निवडून, एकही चूक न करता काढायला सबंध दुपार जावी लागते. आणि ते जमणारी माणसं या गावात दोनच होती. त्यातली एक तेव्हा नॉरिचला बहिणीच्या सोफ्यावर पाय वर करून पडली होती.

 एव्हिसला राग आला नाही, आधी लाज वाटली. आपण रोज त्या बाईच्या हातचं सूप प्यायलो, याची लाज.

थेल्मा तिच्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. एव्हिस दार न वाजवताच आत गेली आणि तिने काठी टेबलाला टेकवली.

“जॅकमनी का सोडलीस?”

थेल्माने मान वर केली नाही. एक शेंग सोलली, दुसरी सोलली. “काय म्हणतेस?”

“कापायचंच होतं तर पाचही कापायच्या. मग मी जन्मभर लेनलाच दोष देत बसले असते. दोघींना का सोडलंस?”

मटाराचे दाणे वाटीबाहेर सांडले. थेल्मा ते गोळा करत राहिली. “त्यांचा काय दोष होता? त्या जूनमध्ये फुलत नाहीत.” मग एकदम तिचा आवाज चढला. “फुलंच तर होती, एव्हिस! पुढच्या वर्षी येतील. मुळं जिवंत ठेवलीत मी, एकीला तरी मारलंय का? एक जून, फक्त एक जून मला हवा होता. इतकी वर्षं तुझ्या खाली स्टुलावर बसले मी. कुणी विचारलं कधी, थेल्मा, तुझं काय?”

“मला सांगितलं असतंस तर मी...”

“काय केलं असतंस? दिला असतास? तू कधी कुंपणापलीकडे बघितलंस तरी?”

हे लागलं आणि खरं होतं म्हणून जास्त लागलं. पण एव्हिस त्यासाठी आली नव्हती. “फुलं घेतलीस ती घेतलीस. लेनचं नाव का घेतलंस?”

“कुणाचं तरी घ्यायला हवं होतं. मला वाटलं, तू चार दिवस ओरडशील आणि विसरशील. तू त्याला विचारलंस आणि तो हो म्हणाला! मला काय स्वप्न पडलं होतं तो हो म्हणेल म्हणून?”

“आणि हॅलस्टन? ते कुणी सुचवलं?”

थेल्माने टरफलं बाजूला सारली. मग अगदी हळू म्हणाली, “तू दमली होतीस. तुला कारण हवं होतं. मी फक्त ते हातात दिलं.”

एव्हिस एक पाऊल पुढे आली. वाटी उपडी करावी, तोंडावर थुंकावं, असं पुष्कळ मनात आलं. तिने यातलं काही केलं नाही, कारण शेवटचं वाक्य खोटं आहे असं तिला छातीवर हात ठेवून म्हणता येईना. “माझ्या अंगणात पुन्हा पाय ठेवू नकोस,” एवढंच ती म्हणाली आणि काठी विसरून निघाली. अर्ध्या वाटेवर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काठीशिवाय चालतोय.

हॅलस्टनला लेन खिडकीपाशी बसला होता. दाढी केलेली, केस विंचरलेले, अंगात कुणाचा तरी दुसऱ्याचाच स्वेटर. तिला बघून तो उठला आणि त्याने तिला स्वतःची खुर्ची दिली.

एव्हिस सगळं पाठ करून आली होती. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि भडाभडा बोलायला लागली. “लेन, तू नाही कापल्यास वेली. माझं चुकलं. मी तुला नको नको ते बोलले, शेडला कुलूप लावलं, इथे आणून टाकलं, आणि तू काहीच केलं नव्हतंस. दुसऱ्याच कुणीतरी केलं ते. तू हो का म्हणालास रे? न केलेल्या गोष्टीला हो का म्हणालास?”

लेनने दाराकडे बघितलं. मग तिच्याजवळ वाकून, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाला, “न केलेली कशी? मी खाली बसलो होतो ना.”

“कुठे खाली?”

“स्टुलावर. तू शिडीवर होतीस. तुझा तो हिरवा कोट घालून. तू म्हणालीस, हलव. मी हलवली. तू म्हणालीस, हलली, हीच, काप. मी म्हटलं, अगं, ही नेली वाटतेय. तू म्हणालीस, काप रे, मला माहीत आहे. मग मी कापली.”

 एकट्या माणसाच्याने ती कमान सुटत नाही, हे एव्हिसइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तरी थेल्माच्या स्वयंपाकघरात तिने विचारलं नव्हतं, खाली कोण बसलं होतं म्हणून. हिरवा कोट मागच्या दाराच्या खुंटीवर असे. थेल्माने नुसता हात घालून तो अंगावर चढवला असणार.

“मग तू आलीस आणि मलाच विचारायला लागलीस, हे तू केलंस का म्हणून,” लेन सांगत होता. “मला कळलंच की तुझ्या काही लक्षात नाही. इतकी कळवळून ओरडत होतीस. त्यात तुला सांगायचं, की अगं बये, तुझ्याच तोंडाने तू सांगितलंस? म्हटलं, कशाला. माझं नाव झालेलंच आहे विसरभोळा म्हणून. त्यात आणखी एक.”

“इथे आणलं तेव्हाही नाही बोललास?”

“तेव्हा बोललो असतो तर त्यांनी तुला ठेवून घेतलं असतं.” त्याने तिचा हात हातात घेतला आणि आजूबाजूच्या म्हाताऱ्यांवर नजर फिरवली. “वाईट नाहीत इथली माणसं. पण चहा पांचट करतात. तुला नसतं जमलं.”

शिडीवरची ती मी नव्हते, हे वाक्य एव्हिसच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत त्याच्या डोक्यात जे काही पक्कं राहिलं होतं ते एवढंच होतं, की बायको चुकली आणि आपण तिला सांभाळून घेतलं.

“हो रे,” ती म्हणाली. “माझ्या हल्ली काही लक्षात राहत नाही. घरी चल.”

लेनने मान हलवली, जणू हे कधीतरी होणारच होतं. “चल,” तो म्हणाला. “तुला एकटं ठेवण्यात अर्थ नाही.” आणि तो पलंगाखाली वाकून आपले बूट शोधायला लागला.